एका बेहड्याचे भाचे

फळं खाल्ल्यानं तब्येत सुधारते, हे खरं आहे. फक्त कोणाची सुधारते, ते आधी विचारून घ्यावं.

हल्ली माझ्या नातवंडांच्या डब्यात फळांच्या फोडी, सुकामेवा आणि कसल्या कसल्या बियांच्या वड्या घालतात. वाढत्या वयात चांगलं असतं म्हणे. असेल. मला कोणी विचारत नाही. विचारलंच तर एवढं सांगेन, की ऐन तारुण्यात मी फळांचा खाऊ नेमानं खाल्ला, आणि त्याचा परिणाम म्हणून माझी सोयरीक जमली, मोडली, पुन्हा जमली, आणि मधल्या मधे एक झाड माझा मामा झालं. अंगात ताकद किती आली, ते अजून कळायचं आहे.

ही गोष्ट चंद्रपूरला चांदा म्हणायचे तेव्हाची. स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती आणि आमच्या गावापर्यंत ते पोचायचं होतं, कारण रस्ता नव्हता. गाव सिंदेवाहीच्या पुढं. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल. मी विशीतला. बाबांनी माझं नाव मोठ्या आशेनं मारोती ठेवलं होतं. (आशा ही फार वाईट गोष्ट.) देवळातल्या मारोतीशेजारी मी उभा राहिलो असतो, तर लोकांनी मला त्याची शेपटी समजून शेंदूर लावला असता.

दसऱ्याच्या सुमारास मोहर्लीकडचे गणपतभाऊ मला पाहायला आले. त्यांची मुलगी भागरथा. गणपतभाऊ अंगानं आडवे आणि बोलण्यात त्याहून आडवे. त्यांनी मला अंगणात उभं केलं, पुढून पाहिलं, मग बाजूनं पाहिलं. बाजूनं पाहायला फारसं काही नव्हतं.

"पोरगं सोभावानं चांगलं दिसते," ते बाबांना म्हणाले. "पन रोवन्याच्या चिखलात उभं राह्यलं अन् वारा सुटला, त माह्या पोरीनं धान रोवावं का याले धरून ठेवावं?"

बाबांनी उत्तरादाखल पानाचं तबक पुढं केलं. गणपतभाऊंनी पान लावलं, तोंडात टाकलं आणि जाता जाता म्हणाले, "मंडईले येतो. तवा पाहू."

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडारीचं नाच-नाटक, घरोघरी पाहुणे. अर्ध्या सोयरिकी त्याच गर्दीत जमतात. म्हणजे मला मंडईपर्यंत मुदत मिळाली होती, आणि मला ती सोयरीक पाहिजे होती. अगदी मनापासून पाहिजे होती. आदल्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या पंगतीत मी भागरथेला वाढताना पाहिलं होतं. माझ्यापाशी आल्यावर तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि न विचारता दुप्पट भात वाढला. मायशिवाय एवढी काळजी माझी कोणी केली नव्हती.

ही बातमी ऐकून माझी आत्याबाई नागभीडकडून गाठोडं घेऊन आली. आत्याबाईला सगळ्या रोगांची औषधं ठाऊक होती. रोग कोणता ते मात्र ती शेवटी विचारायची.

"भातानं काई होत नाई," तिनं आल्या आल्या मायला सांगितलं. "भात खाऊन त बैलबी नाई फुगत. पोट्ट्याले फळं द्या. फळ अंगाले लागते."

"जेवन?" मायनं घाबरत विचारलं.

"जेवन हायेच. मधल्या येळाले फळं."

मधल्या वेळा आत्याबाईनं ठरवल्या. दोन जेवणांच्या मधे जेवढा वेळ उरतो तेवढ्या सगळ्या मधल्या वेळा. पहिल्यांदा सीताफळं आली. ती खाऊन मला सर्दी झाली. सर्दीवर म्हणून जाम दिले. (जाम म्हणजे तुमचे पुण्याचे पेरू.) जामांनी सर्दी गेली की नाही ते कळलं नाही, कारण त्यांच्या बियांनी पोटात असा मुक्काम ठोकला की माझं लक्ष सर्दीवरून उडालं. मुक्काम उठवायला तळ्यातले शिंगाडे उकडून दिले. त्यांनी वारा धरला. वाऱ्यावर आवळे. आवळ्यांनी दात आंबले, आणि दात आंबल्यामुळं मला भात चावेना. म्हणजे एवढी फळं खाऊन मी होतो त्यापेक्षा बारीक झालो.

"अंगातला वाईटपना निंगून राह्यला," आत्याबाई म्हणाली. "आता चांगलं चढन."

दिवाळी तोंडावर आली तरी काही चढेना. तेव्हा आत्याबाईनं आमच्या कोठीतून आमच्याच शिवारातले साठवणीचे बिबे काढले.

बिबा ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. आमच्या जंगलातलं हे फळ. वरचा भाग केशरी, मऊ, गोड. तो वाळवला की त्याला बिब्याची फुलं म्हणतात आणि आम्ही ती आवडीनं खातो. खाली काळं टणक बी असतं. ते भाजून फोडलं की आत गोडंबी निघते, तीही खातात. पण त्या बीच्या सालीत एक काळं तेल असतं. ते अंगाला लागलं की बिबा 'उततो', म्हणजे अंग सुजतं, खाजतं आणि माणूस माणसात राहत नाही. म्हणून बिबे फोडणारा हाताला तेल चोपडतो, धुराकडे पाठ करतो आणि तोंडाला हात लावत नाही. ही अक्कल आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही असते.

"खानाऱ्यानंच फोडले त गुन येते," आत्याबाई म्हणाली. "अन् हाताले तेल लावू नोको. तेलानं गुन घसरते."

मी फोडले. धुरात बसून, कोरड्या हातानं, मधे मधे घाम पुसत फोडले. भागरथेसाठी मी त्या वेळी इंगळावरही बसलो असतो, हे तर नुसते बिबे होते. मग आत्याबाईनं गोडंबी, बिब्याची फुलं, चारोळी आणि गूळ कुटून लाडू वळले. सकाळी एक खा म्हणाली. मंडई परवावर आली होती, म्हणून मी सकाळी खाल्ला, दुपारी खाल्ला आणि दिसला की खाल्ला.

मंडईच्या दिवशी सकाळी डोळे उघडले, ते अर्धेच उघडले. ओठ जड झाले होते. गालाला हात लावला तर गाल हाताच्या आधीच तिथं हजर.

माय चूल पेटवत होती. तिनं वळून पाहिलं आणि तिच्या हातातली फुंकणी खाली पडली.

"अवो बाई, इकडं या," तिनं आत्याबाईला हाक मारली. "पोराच्या अंगाले लागलं!"

बाबा धावत आले. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता कुठी माह्यं पोरगं दिसून राह्यलं," ते म्हणाले.

"बाबा, खाजते," मी म्हणालो. ओठ सुजल्यामुळं ते 'बाबा, वाजते' असं काहीतरी ऐकू आलं असावं, कारण कोणी लक्ष दिलं नाही.

शेजारच्या बायका पाहायला आल्या. एकीनं हळूच विचारलं, "बिबा त नाई न उतला, बाई?" आत्याबाईनं तिच्याकडे अशी नजर टाकली की ती एक पाऊल मागं सरली.

"बिबा उतला असता त फोड आले असते," आत्याबाई म्हणाली. "हे फोड नाईत. हे गाल हायेत."

सगळ्यांना ते गालच पाहिजे होते. खरं सांगायचं तर मलाही पाहिजे होते.

दुपारी गणपतभाऊंचा छकडा दारात थांबला. सोबत भागरथा होती. गणपतभाऊ आत आले, माझ्याकडे पाहून हात जोडले आणि बाबांना म्हणाले, "हे मोठे चिरंजीव काय? लहान कुठी हाय, तो बारका?"

"तोच हाय जी हा," बाबा छाती फुगवून म्हणाले.

गणपतभाऊंनी मला पुन्हा पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं. या वेळी बाजूलाही बरंच काही होतं. ते माझ्यासमोर चटईवर बसले आणि पिकाचं, बैलांचं, रानडुकरांचं बोलू लागले. आता माझी खरी परीक्षा सुरू झाली. गालापासून मानेपर्यंत तांबड्या मुंग्या फिरत होत्या, आणि खाजवायची सोय नव्हती, कारण खाजवलं की गाल उघडे पडले असते. मी मांड्या आवळल्या, दात आवळले, चटईची काडी न् काडी मोडली. दारातून भागरथा माझ्याकडे पाहत होती. तिच्या गावात बिब्याची झाडं दारात. तिनं माझा चेहरा पाहिला, चटई पाहिली, मग पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. मला वाटलं, लाजली.

"काय खाता एवढ्यात?" गणपतभाऊंनी विचारलं.

"फळं," आत्याबाई आतून म्हणाली, आणि पुरावा म्हणून लाडवांचं ताट घेऊनच बाहेर आली.

गणपतभाऊंनी एक खाल्ला. चवीनं दुसरा खाल्ला. मग म्हणाले, "बेस झाले, बाई. मलेबी एवढ्यात थकवा येऊन राह्यला." आत्याबाईनं उरलेले सगळे फडक्यात बांधून त्यांच्या हवाली केले. त्याच बैठकीत, गावच्या पाटलासमोर, सुपारी फुटली. सोयरीक पक्की झाली. छकडा वळणावर दिसेनासा झाला आणि मी दोन्ही हातांनी खाजवायला बसलो, ते माय रडायला लागेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी फोड आले. आत्याबाई म्हणाली, "हं, आता उतला." जणू कालपर्यंत ती वेगळी गोष्ट होती.

बिबा उतला की आमच्या भागात एक रीत आहे. ज्या शिवारातला बिबा, त्याच शिवारातल्या बेहड्याच्या झाडाला जाऊन मिठी मारायची, गाल लावायचे आणि म्हणायचं, "मामा, भाच्याची आग घे." मामा आग घेतो. सोबत रक्ताचं एकच माणूस न्यायचं. जास्त माणसं पाहून मामा बुजतो म्हणतात. बाबा मला घेऊन गेले. शिवेवर आमचा बेहडा, त्याच्या शेजारी ऐनाचं मोठं झाड. मी बेहड्याला मिठी मारली, मामा म्हटलं, आणि थोड्या दिवसांत माझी सूज उतरली. सूज उतरली म्हणजे सगळंच उतरलं. आत जो मारोती होता तो जशाचा तसा बाहेर आला.

मी बरा होतो न होतो तोच गणपतभाऊंचा छकडा पुन्हा दारात. या वेळी पुढं भागरथा होती, आणि तिनं हात धरून जे उतरवलं ते गणपतभाऊ आहेत हे मला त्यांच्या पागोट्यावरून कळलं. डोळे बंद, नाक गायब, चेहरा पिकल्या फणसासारखा.

"कुठी हाय ते लाडवाची बाई?" त्या फणसातून आवाज आला.

लाडवाची बाई कोठीत धानाच्या कणगीमागं होती.

"बिबा तुमच्या शिवारचा, त मामाबी तुमच्याच शिवारचा पाह्यजे," भागरथेनं मायला शांतपणे सांगितलं. मग ती बापाला एकटी घेऊन शिवेवर गेली, मिठी मारवून आणली, आणि दोघं आमच्याकडेच राहिले. ती सकाळ-संध्याकाळ बापाच्या तोंडाला खोबऱ्याचं तेल चोपडायची. मी शक्यतो घराच्या मागच्या बाजूला राहायचो. विहिरीवर एकदा समोरासमोर गाठ पडलीच. तिनं मला नखशिखान्त पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"लाडू सरले काय?" तिनं विचारलं, आणि घागर उचलून चालती झाली.

गणपतभाऊंचे डोळे उघडले त्या सकाळी मी नेमका समोर चहा घेऊन उभा.

"हा कोन?"

"मारोती, जी," मी म्हणालो.

त्यांनी चहा घेतला नाही. उठले, पागोटं घातलं, थेट पाटलाच्या चावडीवर गेले, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागं. पण सुपारी फुटलेली सोयरीक मोडायला कारण लागतं. जावई बारीक निघाला हे कारण पंचांपुढं चालत नाही, आणि फळानं फसलो म्हणावं तर लाडू त्यांनी स्वतः मागून नेले होते. गणपतभाऊंनी डोकं लावलं. माणूस आडवा असला तरी हुशार.

"पाटील, हा पोट्टा शिवेवरच्या बेहड्याले मामा म्हनून आला का नाई?"

"आला," पाटील म्हणाले.

"मीबी त्यालेच मामा म्हनून आलो. एका मामाचे दोन भाचे म्हंजे भाऊ-भाऊ. हा माह्या पोरीचा काका झाला. काकाले पोरगी देतेत काय कुठी?"

पंच एकमेकांकडे पाहू लागले. मला वाटलं, आता कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. एक म्हातारा मान हलवत म्हणाला, "नातं लागते खरं." पाटलांनी तंबाखू मळली, झटकली, तोंडात धरली. "लागते," तेही म्हणाले. माझ्या पोटात जो खड्डा पडला तो सगळी सीताफळं, जाम आणि शिंगाडे मिळूनही भरला नसता. फळं खाऊन बायको मिळवायला निघालो होतो, आणि पुतणी मिळाली.

तेवढ्यात दाराशी बायकांमध्ये बसलेली भागरथा उभी राहिली. पदर नीट केला.

"पाटील, बाबाले मी नेलं होतं. बाबाचे डोये बंद होते. मी त्याईले बेहड्याले नाई, बाजूच्या ऐनाले भेटवलं. घाईत चुकलं."

"ऐनाले?" गणपतभाऊ ओरडले.

"हो."

"मंग सूज कशी उतरली?"

"तेल कोन लावून राह्यलं होतं?"

पाटील पुढं सरकले. "गनपतभाऊ, याद करा. ऐनाची साल मगरीच्या पाठीवानी असते. गाल लावला तवा खरबडं लागलं काय?"

गणपतभाऊंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "सुजल्या गालाले सारंच खरबडं लागते, पाटील," ते हताशपणे म्हणाले.

पंचांनी निर्णय दिला. ऐन कोणाचा मामा लागत नाही, सबब नातं नाही, सबब सोयरीक कायम. पौषाआधी आमचं लग्न झालं. गणपतभाऊ शेवटपर्यंत चारचौघांत माझी ओळख करून देताना म्हणायचे, "हे आमचे जावई. पाह्यले तवा असे नोयते."

लग्नानंतर भागरथेला पहिल्यांदा माहेरी पोचवायला निघालो. छकडा शिवेवर आला. मी उतरून बेहड्याला हात जोडले; कसंही झालं तरी मामा. ती पण उतरली. ऐनाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. बेहड्यापुढं वाकली, पदर डोक्यावर घेतला आणि हळूच म्हणाली, "येतो जी, आजा."

मी छकड्यात बसलो. बैल चालू लागले. थोडं पुढं गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. माझा मामा म्हणजे तिचा मामेसासरा. आजा व्हायचा, तर तिच्या बापानं त्याला मामा म्हटलेलं पाहिजे.

"भागरथे," मी म्हणालो, "तू त म्हनली होती, ऐनाले भेटवलं."

"म्हनली होती."

"म्हंजे मी खरंच तुहा काका लागतो?"

तिनं बैलांकडे पाहिलं, जंगलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मंडईच्या दिवशी तुमी समदी चटई तोडली, पन खाजवलं नाई," ती म्हणाली. "तवाच मी ठरवलं होतं. आता काका लागा नाई त मामा लागा. काकाचा मान राखन मी."

आणि तिनं तो राखला, हे कबूल केलं पाहिजे. तेव्हापासून आजवर या घरात घरच्या काकासारखं मला सगळ्यांच्या आधी वाढतात, आणि काही विचारत नाहीत. डब्यात काय घालायचं, तेसुद्धा.